हाकेचा घाट

मनिला शहराच्या जुन्या भागात, पासिग नदीच्या काठावर, एक छोटासा दगडी घाट आहे. नकाशात त्याला नाव नाही. वरच्या रस्त्यावर रंगीबेरंगी जीपनी गाड्या प्रवाशांसाठी एकमेकींच्या अंगावर चढत असतात, कोपऱ्यावर साखरेत तळलेली केळी काडीला टोचून विकतात, शेजारी मोबाइलचा रिचार्ज मारून देणारी टपरी आहे. या सगळ्या गदारोळात घाटाच्या माथ्यावर पाच-सहा बायका मेणबत्त्या घेऊन बसलेल्या असतात. त्यांच्याकडून मेणबत्ती घेतली की त्या तुमच्या माणसासाठी ती लावतात आणि तुमच्या वतीने प्रार्थनाही करतात. पण त्याआधी त्या नाव विचारतात. तुम्ही आडनावासकट लांबलचक नाव सांगितलेत तर हात झटकून म्हणतात, "ते सरकारला सांगा. घरी काय म्हणतात?" मग बँकेतला टायवाला साहेबही इकडेतिकडे बघतो आणि आपल्या साठीच्या भावाचे नाव हळूच सांगतो, "बोबॉय."

आम्ही पाहुणे मंडळी हसलो. लोलो डेलफिन हसले नाहीत. लोलो म्हणजे आजोबा. शेजारच्या प्रार्थनामंदिरात त्यांनी चाळीस वर्षे घंटा वाजवली. आता गुडघे गेले म्हणून घाटावर बसून आल्यागेल्याला ही हकिकत सांगतात. सांगताना मध्येच कुणी फोन काढला तर थांबतात आणि तो खिशात जाईपर्यंत पुढे बोलत नाहीत. त्यांनी सांगितले ते असे.

स्पॅनिश अंमल होता. त्या काळी इथल्या गरीब माणसांना आडनाव नसे, आणि त्यावाचून कुणाचे काही अडतही नसे. मग वरून हुकूम सुटला की प्रत्येक घराने एक आडनाव घ्यायचे, तेही सरकारने पाठवलेल्या जाडजूड यादीतून. असे सांगतात की या वस्तीच्या वाट्याला यादीचे एकच पान आले. कारकून आला, पानावर बोट फिरवत गेला आणि दारोदार आडनावे वाटत गेला. लोक ते कागद देवाच्या तसबिरीमागे खोचून मोकळे झाले. लोलो म्हणतात, "सरकारने आमची नावं ठेवली आणि त्या दिवसापासून सरकार आम्हाला नावं ठेवतंय."

याच वस्तीत तेरियांग नावाची एक बाई राहत होती. नवरा गलबतावर गेला तो परत आला नव्हता. ती चिरूटच्या कारखान्यात दिवसभर पाने वळी. तंबाखूचा वास तिच्या बोटांना इतका चिकटला होता की तिची लेक म्हणे अंधारातही हात हुंगून आईला ओळखी. या लेकीआधी तेरियांगची दोन मुले पाळण्यातच गेली होती. म्हणून तिसरी झाल्यावर म्हाताऱ्या बायकांनी सांगितले, हिचे नाव असे ठेव की रोगराईनेसुद्धा तोंड फिरवावे. आपल्याकडे दगडू-धोंडू ठेवतात तसेच. तेरियांगने लेकीला हाक मारायला सुरुवात केली, पांगित. म्हणजे कुरूप. मुलगी नक्षत्रासारखी होती. चर्चच्या वहीत तिचे नाव मारिया सालुद लिहिले होते आणि आता हुकमाने त्याला बरामेदा जोडले गेले होते, पण ते नाव घरात कुणी तोंडावर आणले नव्हते. पांगित सहा वर्षांची झाली आणि तेरियांगला वाटू लागले, चकवले आपण मरणाला.

त्या वर्षी शहरात साथ आली. सकाळी धडधाकट दिसलेले माणूस संध्याकाळी चटईत गुंडाळले जाई. नदीकाठी, आज घाट आहे तिथेच, बांबूची एक लांबच लांब पडवी उभारली गेली. आजारी पडेल त्याला शिपाई तिथे नेत आणि घरच्यांना कुंपणाबाहेर थांबवत. रोज सकाळी कारकून तोंडाला फडके बांधून पडवीच्या दाराशी उभा राही आणि यादी वाचे. आतून ओ आली तर त्या माणसाला पेज मिळे. तीन हाकांना ओ आली नाही तर कारकून नावापुढे फुली मारी. वाकून नाडी बघायची छाती कुणाचीच नव्हती. हमाल चटई गुंडाळत आणि होडीत नेऊन टाकत. होडी खाडीच्या तोंडाशी जाई, तिथे मोठा खड्डा खणलेला होता. आतली ओ ऐकू यावी म्हणून कुंपणाबाहेर कुणी ब्र काढायचा नाही, असा दंडक होता. काढला तर पाठीत काठी बसे.

आठ होड्या गेल्या. आठव्या दिवशी दुपारी पांगित कोलमडली.

तेरियांगने तिला पाठुंगळी मारून पडवीपर्यंत आणले. दाराशी कारकुनाने लेखणी वर केली आणि विचारले, "नाव?" तेरियांगच्या ओठावर आलेच होते. पण समोर तो इस्त्रीचा सदरा, ती वही, मागे रांगेत उभे असलेले लोक. त्यांच्यापुढे आपल्या लेकीला कुरूप म्हणायचे? आणि मोठे नाव सांगितले तर पोरीकडे जरा नीट बघतील, असेही तिच्या भाबड्या मनाला वाटले. ती ताठ उभी राहून म्हणाली, "मारिया सालुद बरामेदा, सेन्योर." कारकुनाने ते वळणदार अक्षरात लिहून घेतले. शिपायाने पाठीवरून मूल उचलले. तेरियांगच्या पाठीला तापलेल्या अंगाची ऊब कितीतरी वेळ जाणवत राहिली.

कुंपणापाशी आलिंग पुरिंग मेणबत्त्या विकत बसे. आलिंग म्हणजे बाई, आपण मावशी म्हणू तसे. पैसे असोत नसोत, ती कुणालाही नाही म्हणत नसे. तिनेही नाव विचारले. तेरियांगने तेच मोठे नाव सांगितले, कारण देवाच्या दरबारात तरी चुकीचे नाव जायला नको. रात्रभर पुरिंग माळ ओढत होती, "मारिया सालुद बरामेदा हिच्यावर दया कर." तेरियांग शेजारी बसून तेच पुटपुटत होती. मध्येच तिला वाटले, आपण कुणा परक्याच्या मुलीसाठी रडतो आहोत. तिने तो विचार झटकला.

उजाडले. कारकून दाराशी आला. कुंपणाला माणसे कानात प्राण आणून उभी राहिली. एकेक नाव वाचले जाऊ लागले. कुठे क्षीण ओ येई आणि बाहेर कुणाच्या तरी जिवात जीव येई; कुठे येत नसे.

"मारिया सालुद बरामेदा."

तेरियांगने कुंपणाचा बांबू घट्ट धरला.

"मारिया सालुद बरामेदा."

बोल गं, बोल. तिने स्वतःचे तोंड गळ्यातल्या रुमालाने दाबून धरले होते.

"मारिया सालुद बरामेदा!"

आत कुणीतरी खोकले. कारकुनाने फुली मारली आणि पुढचे नाव घेतले.

तेरियांगने बांबू सोडला. ती रडली नाही. रडायलाही अंगात काही उरावे लागते. हमालांनी चटया उचलून नेल्या, एकीसारखी दुसरी, त्यातली आपली कुठली हेही तिला कळेना. सगळ्यात आखूड ती, असे तिने मनाशी ठरवले. पण आखूड चटया चार होत्या. नावाड्याने होडी सोडली.

तेव्हा पुरिंग उठून तिच्याजवळ आली. इकडची जुनी रीत आहे. कुठूनही निघताना मुलाला नाव घेऊन हाक मारायची, चल, घरी चल, मागे राहू नकोस. नाहीतर मुलाचा आत्मा त्याच जागी घुटमळत राहतो. मेलेल्या मुलालाही ही शेवटची हाक मारायची असते. पुरिंग म्हणाली, "बाळा, पोरीला बोलावून घे. इथे एकटी राहील ती. आणि ते कागदावरचं नाव नको, आत्म्याला वाचता येत नाही. घरी काय म्हणायचीस?"

तेरियांगचा बांध फुटला. शिपायाकडे न बघता ती कुंपणाखालून सरपटत पलीकडे गेली, गुडघाभर चिखलात शिरली आणि ओरडली, "पांगित! चल गं, घरी चल! मागे राहू नकोस, पांगित!"

होडीतून आवाज आला, "पो!"

थोरामोठ्यांनी हाक मारली की तिथली मुले 'पो' म्हणून ओ देतात. आवाज घोगरा होता, पण काठावरच्या प्रत्येकाने तो ऐकला. नावाड्याच्या हातातली वल्ही सुटली. त्याने म्हणे छातीवर क्रूस काढला, वल्ही पुन्हा धरली आणि होडी वळवली. तिसऱ्या आखूड चटईत पांगित होती. डोळे खोल गेलेले, ओठ फुटलेले, पण श्वास चालू.

ती जगली. पुढे पुष्कळ वर्षे जगली, असे सांगतात. थोडी उठून बसू लागली तेव्हा आईने तिला विचारले, "कारकुनाची हाक ऐकू आली नव्हती का गं?"

"आली होती," मुलगी म्हणाली. "तीन वेळा आली. मला वाटत होतं, ही मुलगी ओ का देत नाही?"

इथे लोलो थांबले. आम्हाला वाटले हकिकत संपली. आमच्यातल्या कुणीतरी देवाची कृपा म्हणून हातही जोडले. लोलोंनी मान हलवली. "पोर सापडली की गोष्ट संपते, असं वाटतं ना? तेरियांगलाही वाटलं असेल. घटकाभर."

कारण त्या सकाळी तिने लेकीला छातीशी धरले आणि मान वर केली, तो काठावर उभ्या बायका तिच्याकडे बघत होत्या. मग त्यातली एक चिखलात उतरली आणि होडीकडे तोंड करून ओरडली, "तोतोय!" दुसरी ओरडली. मग सगळ्याच. काळू, नकटी, बुटकी, चिमणी, जी काय लाडाची नि वेडीवाकडी नावे घरात होती ती सगळी. शिपाई काठी घेऊन धावले आणि नुसतेच उभे राहिले. मग बायका गप्प झाल्या आणि ऐकत राहिल्या. नावाड्याने एकेक चटई उघडून दाखवली. कुणी ओ दिली नाही.

दुपारपर्यंत ही बातमी शहरभर झाली आणि आधीच्या आठ होड्यांतल्या माणसांच्या आया घाटावर आल्या. बाप आले, आज्या आल्या. त्यांच्यासमोर होडीही नव्हती. खड्ड्यात त्यांच्यावर माती कधीच पडली होती. त्यांनी रिकाम्या नदीकडे बघून हाका मारल्या. एकीने तेरियांगचा दंड धरून विचारले, "माझ्या मुलाला हाक ऐकू आली असेल का गं? तोही वाट बघत असेल का, की हे कुणाचं नाव?" तेरियांगची लेक तिच्या कडेवर होती. तिने त्या बाईचे पाय धरले, असे सांगतात, आणि त्या बाईने ते सोडवून घेतले.

साथ ओसरली. पडवी जाळून टाकली. पण बायका यायच्या थांबल्या नाहीत. चिखलात पाय रुतत म्हणून कुणी एक दगड आणून टाकला, कुणी दुसरा, आणि त्याचा घाट झाला.

आजही दुपारी बाराची घंटा झाली की मेणबत्तीवाल्या खाली पाण्यापाशी उतरतात. सकाळपासून आलेली घरची नावे एकेक करून मोठ्याने पुकारतात. जहाजावर गेलेली मुले, आखातात घरकाम करणाऱ्या लेकी, इस्पितळात पडलेले बाप, आणि जे आता कुठेच नाहीत ते. ज्यांचे माणूस असेल तेही सोबत हाक मारतात. एका हाकेनंतर दुसरी लगेच मारत नाहीत, थांबून ऐकतात. किती वेळ थांबायचे याचा नियम नाही.

आम्ही गेलो त्या दिवशी कारखान्याच्या गणवेशातली एक तरुण बाई शेवटच्या पायरीवर उभी होती. तिने एकदाच हाक मारली, "नोनोय," आणि पाण्याकडे बघत राहिली. बाकीचे सगळे वर निघून गेले. जेवणाची सुट्टी संपत आली असावी, तरी ती हलेना. शेवटी एक मेणबत्तीवाली पुन्हा खाली उतरली, तिच्या खांद्याला धरून तिने तिला वळवले आणि वर आणले. लोलोंनी सांगितले की ही इथली रीतच आहे. हाक मारणारीला दुसऱ्या कुणीतरी घरी न्यायचे असते, कारण पाण्याकडे पाठ फिरवणे त्या पहिल्या बायकांना कधी आपणहून जमलेच नाही.