झुबकीचं बोर आणि मंडळींचा खो

चिंचेच्या झाडावर एक शेपूट राहायचं. झुबकेदार, गुबगुबीत शेपूट. त्या शेपटाला एक खार होती. एवढीश्शी! तिचं नाव झुबकी.

चिंचेखाली होतं एक चर्च. पिवळं, बुटकं, कौलारू. दर रविवारी तिथे मंडळी जमायची. आधी गाणी. मग प्रार्थना. आणि मग मागच्या मैदानात खो-खो! सगळे खेळायचे. आजीसुद्धा!

खो-खोचा नियम सोपा. रांगेत बसायचं. पाठीवर थाप पडते, कोणीतरी ओरडतं, "खो!" मग उठायचं आणि पळायचं. त्याआधी उठायचं? मुळीच नाही!

एका रविवारी झुबकीला बोर सापडलं. लालेलाल. टम्म! ते घेऊन ती खिडकीतून चर्चमध्ये शिरली. तुरु तुरु, तुरु तुरु. बाजाच्या पेटीवर जाऊन बसली. बोर दोन हातांत धरलं. मोठ्ठा आ केला.

आणि बोर सटकलं!

टप्प! टप्प! गुडुप! पेटीच्या भोकातून थेट आत.

"अगं बाई! माझं बोर!"

पोटात भूक, बोर पेटीत. झुबकी अगदी रडकुंडीला आली.

पेटीजवळ याकोबकाका बसले होते. पेटी तेच वाजवायचे. झुबकी म्हणाली,

"माझं बोर पेटीत गुडुप!
काका, काका, पेटी उघडा ना!"

काकांनी मिशी पिळली. म्हणाले, "छे छे छे! आधी शमुवेलदादा घंटा वाजवेल. मग मी पेटी उघडेन. खो नाही, तर उठणं नाही!"

झुबकी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

शमुवेलदादा घंटेचा दोर धरून बसला होता. उंच उंच दादा, लांब लांब दोर. झुबकी म्हणाली,

"माझं बोर पेटीत गुडुप!
काका पेटी उघडेनात.
दादा, दादा, घंटा वाजव ना!"

दादा म्हणाला, "छे छे छे! आधी पाळकसाहेब येतील. मग मी घंटा वाजवेन. खो नाही, तर उठणं नाही!"

झुबकी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

पाळकसाहेब म्हणजे चर्चमध्ये प्रार्थना सांगणारे साहेब. ते आपल्या घराच्या दारात उभे होते. एका पायात चप्पल. दुसरा पाय हवेत! झुबकी म्हणाली,

"माझं बोर पेटीत गुडुप!
काका पेटी उघडेनात.
दादा घंटा वाजवेना.
साहेब, साहेब, पाऊल टाका ना!"

साहेब म्हणाले, "छे छे छे! एका चपलेने येऊ कसा? मंडळी हसतील ना! आधी ढब्बू माझी चप्पल सोडेल. मग मी पाऊल टाकेन. खो नाही, तर उठणं नाही!"

झुबकी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

ढब्बू म्हणजे कुत्रा. तो अंगणात चप्पल चघळत बसला होता. चपड चपड, चपड चपड. झुबकी जवळ जाईना. पण पोटात भूक होती ना! ती कुंपणावर चढली. तिथूनच म्हणाली,

"माझं बोर पेटीत गुडुप!
काका पेटी उघडेनात.
दादा घंटा वाजवेना.
साहेब पाऊल टाकेनात.
ढब्बू, ढब्बू, चप्पल सोड ना!"

ढब्बू म्हणाला, "भो भो भो! आधी सालोमीआजी भाकरी देईल. मग मी चप्पल सोडेन. खो नाही, तर उठणं नाही!"

झुबकी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

सालोमीआजी चुलीपाशी होती. सगळ्या मंडळींचं जेवण तीच करायची. पण आज तवा रिकामा. परातीत पीठ तसंच. आजीच्या कडेवर रूबेनबाळ. आणि रूबेनबाळ करत होतं भ्यांऽऽ! झुबकी म्हणाली,

"माझं बोर पेटीत गुडुप!
काका पेटी उघडेनात.
दादा घंटा वाजवेना.
साहेब पाऊल टाकेनात.
ढब्बू चप्पल सोडेना.
आजी, आजी, भाकरी थाप ना!"

आजी म्हणाली, "छे गं बाई! एका हाताने भाकरी थापू कशी? आधी बाळ हसेल. मग मी भाकरी थापेन. खो नाही, तर उठणं नाही!"

झुबकी आजीच्या खांद्यावर चढली. अगदी बाळाच्या नाकासमोर बसली. म्हणाली,

"माझं बोर पेटीत गुडुप!
काका पेटी उघडेनात.
दादा घंटा वाजवेना.
साहेब पाऊल टाकेनात.
ढब्बू चप्पल सोडेना.
आजी भाकरी थापेना.
बाळा, बाळा, आता तरी हस ना!"

बाळ म्हणालं, "भ्यांऽऽऽ!"

आता काय करायचं? बाळाला खो कोण देणार? झुबकीने इकडे पाहिलं. कोणी नाही. तिकडे पाहिलं. कोणी नाही. मागे पाहायला ती गर्रकन वळली. मागे होतं फक्त तिचं शेपूट.

आणि ते शेपूट गेलं बाळाच्या नाकाला! गुदु गुदु, गुदु गुदु.

बाळ गप्प. बाळाने नाक फेंदारलं. "आ... आ... आक्छी!"

आणि मग बाळ हसलं. खदखदून हसलं. बाळाचं हसू कसं?

"खो! खो! खो! खो!"

"अगं बाई! खो मिळाला!" आजी ओरडली.

मग काय विचारता!

आजीने बाळाला पाळण्यात ठेवलं. भाकरी थापली. थप थप थप! तव्यावर टाकली. चर्र! "ढब्बू, खो!"

ढब्बूने भाकरी पकडली. चप्पल सोडली. त्याला खो म्हणता येईना. तो म्हणाला, "साहेब, भो!"

साहेबांनी चप्पल घातली. ओलीचिंब चप्पल. पचक पचक, पचक पचक. धावत धावत आले. मागून झुबकी आणि आजीही आल्या. "शमुवेल, खो!"

शमुवेलदादाने दोर ओढला. ढण ढण ढण! "काका, खो!"

याकोबकाका उठले. त्यांनी पेटी उघडली. भाता हलवला. पेटी म्हणाली, "पीं... पुऊं... फुस्स..."

फट्टाक!

बोर उडालं! वर गेलं. खाली आलं. साहेबांच्या टकलावर आपटलं. टण्ण! तिथून उडालं ते थेट झुबकीच्या हातात!

सगळी मंडळी पोट धरधरून हसली. साहेब टक्कल चोळत म्हणाले, "अरेच्चा! आपल्या संघात ही एक गडी होती. आपण तिला मोजलंच नव्हतं!"

आजी म्हणाली, "खारीचा वाटा म्हणतात तो हाच, साहेब. आज तोच सगळ्यांत मोठा."

झुबकीने बोर खाल्लं. कुट कुट कुट. मंडळींनी गाणं म्हटलं. आज गाणं जरा कुट कुट तालावरच गेलं.

मग मैदानात खो-खो. काका बसले, दादा बसला, साहेब बसले, आजी बसली. आणि मध्ये बसली झुबकी. शेपूट ताठ!

आजीला खो मिळाला. ती उठली, धावली, तिने झुबकीच्या पाठीला एक बोट लावलं. "खो!"

झुबकी सुटली. तुरु तुरु, तुरु तुरु. पण ती गेली कुठे? सरसर सरसर खांबावर!

"अगं, वर कोण आहे पकडायला?" दादा ओरडला.

सगळे माना वर करून उभे. डाव थांबला. समोरचा संघ चक्क भाकरी खायला बसला. साहेब खांबाखाली आले. त्यांनी दोन्ही हात पसरले.

"झुबके, ये गं खाली. तुझ्यावाचून डाव अडलाय आमचा!"

असं तिला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. झुबकीचे गाल फुगले. बोराएवढे! एक उडी, आणि ती साहेबांच्या हातांत.

तुरुतुरु आली गोष्ट,
सरसर चढली वर,
टुणकन मारली उडी तिने,
आता टाळ्या वाजवा बरं!