पाळण्याची दोरी आणि अर्थशास्त्राचा पेपर

एकदा एका गावात, जिथे पदवीधरांपेक्षा पदवीबद्दल सल्ला देणारे अधिक होते, एक वृद्ध गुरुजी राहत असत. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी त्याच गावात नांदत होती. महाविद्यालयाचे शेवटचे वर्ष राहिले असताना तिचे लग्न झाले, मग एक मुलगी झाली, मग एक मुलगा. सगळे विषय तिने घरी अभ्यास करून सोडवले. एकटे अर्थशास्त्र उरले, आणि त्यात ती दोनदा नापास झाली.

घरच्यांनी उपाय केले. नवऱ्याने बदाम आणले, जे मुलीने खाल्ले. शेजारणीने ब्राह्मीचे तेल दिले, त्याने उशी तेलकट झाली. तिसरी संधी शेवटची होती. ती गेली, तर आधीचे सगळे पास झालेले विषयही बुडणार होते.

ती गुरुजींकडे आली. "गुरुजी, घरी मला सगळं येतं. सासूबाईंना विचारा. पण परीक्षेत अगदी नीट, पाय जुळवून, पाठ ताठ करून बसते आणि एक ओळ आठवत नाही. तुमची माडी आठवडाभर द्या. मला एकांत हवाय."

"माडीवर उंदरांचा एकांत आहे," गुरुजी म्हणाले. "आधी तुझा अभ्यास बघू."

दुपारी ते तिच्या घरी गेले. ती भाजी निवडत बसली होती, पुस्तक गुडघ्यावर, पाळण्याच्या दोरीचा फास उजव्या पायाच्या अंगठ्यात. पाय हलत होता, पाळणा झुलत होता आणि मागणी-पुरवठ्याचे नियम अंगाईच्या चालीवर चालले होते. बाळ पेंगत होते. अर्थशास्त्राचा हा गुण सर्वपरिचित आहे.

गुरुजींनी बराच वेळ पाहिले. मग शेजारची विळी ओढली आणि पाळण्याची दोरी मधोमध कापली.

बाळाने भोकाड पसरले. सासूबाई आतून धावत आल्या. "अहो गुरुजी, पाळण्याची दोरी कापतात का कुणी? अशुभ असतं!"

"अशुभ दोनदा होऊन गेलंय वहिनी. आता दुसरं काही करून बघू." फासाकडचा तुकडा त्यांनी शिष्येच्या हातात दिला. "पेपराला जाताना हा ने. एक टोक अंगठ्यात, दुसरं बाकाच्या पायाला बांध."

"गुरुजी, माझं वर्ष पणाला लागलंय. चेष्टा नका करू."

"माझ्या वयात चेष्टा परवडत नाही. बांध म्हटलं की बांध."

परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षकांची नजर बाकाखाली गेली.

"बाई, हे काय आहे?"

"दोरी."

"ती दिसतेय. कशाची?"

"पाळण्याची."

"कशाला बांधलीत?"

"ठाऊक नाही सर. गुरुजींनी सांगितलंय."

पर्यवेक्षकांनी दोरी उलटसुलट पाहिली. तिच्यावर काही लिहिलेले नव्हते, दुधाचा आंबूस वास तेवढा होता. नियमांत दोरीचा उल्लेख नव्हता. ज्याचा उल्लेख नसतो ते एक तर निषिद्ध असते किंवा मान्य. चहा येण्याची वेळ झाली असल्याने त्यांनी ते मान्य धरले.

तिने कोरा कागद पाहिला. एक ओळ आठवेना. मग सवयीने पाय हलला. दोरी ताणली, सैल झाली, बाक हळूच कुरकुरला, आणि मागणीचा नियम आपल्या चालीसकट आला. त्याच्यामागून पुरवठा आला. शेवटची घंटा झाली तेव्हा ती पुरवणी मागत होती.

निकाल लागला. दुसरा वर्ग. ती बाळाला कडेवर घेऊन पेढे द्यायला आली, तेव्हा पायरीवरच तिला रडू फुटले. रडून झाल्यावर तिने विचारले, "गुरुजी, दोरीत कसला मंत्र घातला होतात?"

"मंत्र कसला? दोरी ती दोरीच," गुरुजी पेढा निवडत म्हणाले. "पोरी, तू घरी आई म्हणून शिकलीस, एक पाय पाळण्यात ठेवून. आणि परीक्षेला गेलीस ती आई नसल्याचं सोंग घेऊन. पाय जुळवून, पाठ ताठ! तसं बसायला शाळेत मीच शिकवलं असणार. पण जे आईला येत होतं, ते त्या सोंगाला कुठून येणार? तू एकांत मागत होतीस. मी म्हटलं, हिला थोडं घर बरोबर देऊ."

बाळाने गुरुजींचा चष्मा ओढला.

आपण ज्याला अडथळा म्हणतो, त्याच्याच तालावर कधीकधी आपण चालायला शिकलेलो असतो.

घरी येऊन तिने तो तुकडा पुन्हा पाळण्याला जोडला. दोरीला आता मध्ये एक गाठ आहे. बाळाची त्याबद्दल काही तक्रार नाही.