तेरावं बटण

"पण चुकलंय कुठं, बाबा?"

शालन वायदंडेनं मोबाइल चटईवर ठेवला. ठेवला म्हणजे आपटलाच.

नबीबाबा फकीर. गावाबाहेरच्या तकियात, म्हणजे फकिरांच्या मठीत, राहायचे. फकिरी घेण्याआधी रेडिओ दुरुस्त करायचे. म्हातारपणी स्वतःच खटपट करून मोबाइलचं अ‍ॅप बनवायला शिकले, आणि येईल त्याला फुकट शिकवायचे. शिकायला येणाऱ्यांत शहाणेच फार. मीही त्यातलाच.

शालन ब्लाउज शिवायची. वय पन्नास. तिचा थोरला भाऊ आण्णा कुस्तीच्या मैदानात निवेदन करायचा. माइक बंद पडला तरी त्याचं अडत नसे. गेल्या वर्षी त्याला लकवा मारला आणि वाचा गेली. कळतं सगळं, शब्द फुटत नाही.

त्याच्यासाठी शालननं व्हिडिओ बघून अ‍ॅप बनवलं होतं. चित्रावर बोट ठेवलं की फोन तिच्या आवाजात बोलायचा. पाणी. चहा. जेवण. औषध. अशी बारा बटणं.

"भाचा म्हणाला, आत्या, असली अ‍ॅप ढिगानं मिळतात."

"मग?"

"त्यातली बाई म्हणती, 'कृपया मला पाणी द्यावे.' आमच्या आण्णानं जन्मात कुणाला कृपया म्हटलं न्हाई. म्हटलं, मीच करते. तो हसला. म्हणाला, ह्या वयात? म्हटलं, ह्याच वयात. बघ तू."

"आणि आण्णा काय करतो?"

तिनं चटईवरच्या फोनकडे बोट दाखवलं.

"फेकतो… तीनदा फेकला फोन. एकेक बटण तपासलं मी. सगळी बोलत्यात. माझं शिकणंच कच्चं असंल तर पहिल्यापासून शिकते. पण सोडायची न्हाई."

बाबांनी फोन हातात घेतला. दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

मग एक बटण दाबलं.

"चहा," फोन म्हणाला.

शालननं सोबत आणलेल्या थर्मासमधून बाबांच्या चिनीमातीच्या कपात चहा ओतला. बाबांनी प्यायला. तिनं पुन्हा कप भरला. तोही प्यायला. तिनं परत थर्मास उचलला.

बाबांनी मान हलवली.

"घ्या हो, अर्धाच," ती म्हणाली, आणि कप काठोकाठ भरला.

बाबा फोनवर बोट फिरवू लागले. पहिली ओळ. दुसरी. शेवटची. पुन्हा पहिली. बोट कुठंच थांबेना…

त्यांनी कप उचलला आणि चहासकट अंगणात भिरकावला.

शालन दचकली. तुकड्यांकडे बघितलं. मग फोनकडे. बराच वेळ.

"'नको' कुठाय ह्यात?" ती हळूच म्हणाली.



तिनं पिशवीतून जुना लॅपटॉप काढला आणि तिथंच मांडी घातली. तासाभरात तेरावं बटण तयार झालं. राहिला आवाज.

"नको," ती फोनपाशी म्हणाली. ऐकलं. पुसून टाकलं.

"असं न्हाई म्हणायचा आण्णा."

ती उठून उभी राहिली. पदर खोचला.

"न्हाई म्हंजे न्हाई!"

तकियावरची कबुतरं उडाली. मला माझीच लाज वाटली. तीन महिने मी तिथं जात होतो, चार कोर्स केले होते, आणि एक बटण माझ्या हातून बोललं नव्हतं.

आठ दिवसांनी ती परत आली. डोळे सुजलेले.

"बाबा, दिवसभर तेच एक बटण दाबतोय. आंघोळ? न्हाई म्हंजे न्हाई. दूधभात? न्हाई म्हंजे न्हाई. औषध तेवढं घेतोय. पाहुणे भेटायला आले, त्यांनाही तेच. माघारी गेले बिचारे."

"फोन फेकतो?"

"न्हाई… काल मी विचारलं, आण्णा, माझ्यावर राग हाय का? तरी तेच दाबलं." ती हसली, आणि रडायलाच लागली. "भाचा म्हणतोय, डोक्यावर बसलाय म्हातारा. काढून टाक ते बटण. सगळं घर म्हणतंय… काढू का?"

बाबांनी फोन घेतला. डोळ्यांजवळ नेला. तेराव्या बटणावर अंगठा ठेवून पाहिला.

"मोठं कर," बाबा म्हणाले.