पुढे काय?

सांगलीच्या चित्रपट महोत्सवात हेमलता कोष्टीची जाहीर मुलाखत होती. तिने स्वतःच्या हिमतीवर पहिला सिनेमा काढला होता आणि तो थिएटरात लागणार की नाही, हे मुलाखत घेणाऱ्या वितरक रणनवरेसाहेबांच्याच हातात होतं.

साहेबांनी सगळ्यांदेखत फर्मान सोडलं, “आई दारात मुलाची वाट बघत बसते, तो प्रसंग कापा. एवढा वेळ कोणी बोलत नाही, काही घडत नाही. पब्लिक उठून जाईल. यावर तुमचं काय म्हणणं?”

हेमलताने माईक तोंडाजवळ धरला आणि ती गप्प बसली.

आधी सभागृहात कुजबुज झाली, मग तीही विरली. शेंगा सोलणारे हात थांबले. मागच्या रांगांतले लोक माना उंचावून पाहू लागले. साहेब सोफ्याच्या कडेपर्यंत सरकले आणि अखेर न राहवून ओरडले, “अहो बाई, पुढे काय?”

“साहेब, इतका वेळ कोणी बोललं नाही, काही घडलं नाही,” हेमलता शांतपणे म्हणाली. “उठून कोण गेलं?”

महिन्याभराने सिनेमा थिएटरात लागला. पडद्यावर आई दारात बसली होती आणि पहिल्या रांगेत रणनवरेसाहेब.