न उडालेल्या गोळ्यांची वाटी

एकदा एक गृहिणी आपल्या कुलदेवीला नवस बोलली : राज्याच्या नेमबाजी संघात माझी निवड होईपर्यंत मी मिठाला शिवणार नाही.

तिचे नाव पद्मजा. कॉलेजात असताना एन.सी.सी.त तिने रायफल धरली होती. पुढे लग्न, मुले, सणवार यांत ते सारे मागे पडले. मुले मोठी होऊन हातावेगळी झाल्यावर तिने पिस्तूल हाती घेतले. सासूबाई म्हणत, "लोकांच्या सुना भिशी लावतात, आमची बार काढते!" पण म्हणता म्हणता तिच्यासाठी अळणी आमटी वेगळी काढून ठेवत. यंदा निवड झाली नाही तर पिस्तूल कायमचे नेमबाजीच्या क्लबात जमा करायचे, असे पद्मजाने मनाशी ठरवले होते. ते मात्र तिने कुणाला सांगितले नव्हते.

तिचे गुरू म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ. गावाबाहेर टेकडीच्या पोटाशी क्लबाच्या पत्र्याच्या शेडखाली ते नेमबाजी शिकवत. सगळे त्यांना आबा म्हणत.

तिच्या पिस्तुलाला 'पॉइंट टू-टू'ची बारीक काडतुसे लागत. एक बार झाला की पिस्तुलाची वरची सरकती स्लाइड आपोआप मागे जाऊन रिकामे काडतूस बाहेर फेकी आणि पुढची गोळी भरी. सरावाला क्लब स्वस्तातला घाऊक डबा आणे. त्यात गोळ्या शेंगदाण्यासारख्या सुट्या ओतलेल्या असत. स्पर्धेसाठी वेगळी, खाचांत नीट बसवलेल्या गोळ्यांची पेटी असे.

आणि इथेच पद्मजाचे मन गोंधळून जाई. घाऊक डब्यातली एखादी गोळी चाप ओढला तरी उडतच नसे. एखादी उडे, पण इतकी अशक्त की स्लाइड अर्ध्यातून परते आणि रिकामे काडतूस दारात बोट सापडावे तसे उभे अडके. दोष गोळीचा म्हणावा, तर शेजारी सराव करणाऱ्या अनघाच्या पिस्तुलात तोच डबा फारशी कुरकुर न करता चाले. पिस्तुलाचा म्हणावा, तर चांगल्या पेटीवर ते गुणी बाळासारखे वागे. मग तिला वाटे, नवसातच काही चुकले असेल. काल हळदीकुंकवाला गेले होते, तिथल्या डाळीत मीठ तर नव्हते? न उडालेली प्रत्येक गोळी म्हणजे देवीचा नकार, असे तिला वाटू लागले.

खंडेनवमीला शस्त्रपूजा झाली. पद्मजाने पिस्तुलाला हळदकुंकू वाहिले आणि हळूच त्या डब्यावरही चिमूटभर टाकले.

आबांनी ते पाहिले. "अगं, झाकण तरी लाव! कुंकू आत गेलं तर देवीच्यानं पण अडकलेली गोळी निघायची नाही."

सगळे हसले. पद्मजाही हसली, पण डोळे भरून आले. "आबा, निवड चाचणी तोंडावर आलीय. मला आता चांगली पेटी द्या."

आबांनी चांगल्या पेट्या कपाटात ठेवल्या, कुलूप लावले आणि किल्ली कनवटीला खोचली. "आजपासून तुला फक्त हा डबा."

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. न उडालेली गोळी इतर लोक वेगळी काढून टाकत. आबा तसे करीनात. पिस्तूल लक्ष्याकडेच रोखून थोडा वेळ थांबायला लावत, मग ती गोळी काढून एका पितळी वाटीत ठेवत. दुसऱ्या दिवशी वाटीतल्या त्या गोळ्या ताज्या गोळ्यांत मिसळून मॅगझीन पाठमोरे होऊन स्वतः भरत आणि तिच्या हाती देत. ती बार काढू लागली, की लक्ष्याकडे ढुंकूनही न पाहता तिच्या मनगटाकडे टक लावून बसत.

"यांतली कुठली उडणार आहे, आबा?"

"मला काय ठाऊक? या काडतुसाचा मसाला बुडाच्या कडेत असतो. एका जागी तो पसरला नसला, तर हातोडा तिथं पडून काही होत नाही. कड फिरून दुसऱ्या जागी ठोका बसला, तर तीच गोळी उडते. कधी उडते, कधी नाही."

पद्मजाला काही कळेना. अनघा तिच्या कानाशी लागली, "म्हातारपणी लहर फिरलीय त्यांची. तू सरळ क्लबाच्या अध्यक्षांकडे किल्ली माग." पद्मजाच्याही मनात ते आले. पण गुरूवर शंका घेणे तिला देवघरात पाठ फिरवून बसण्यासारखे वाटले. ती चडफडत, मनातल्या मनात देवीला विचारत, रोज येत राहिली.

एके दिवशी आबा म्हणाले, "आज निशाण बघू नकोस. पिस्तुलाचं टोक बघ."

तिने चाप ओढला. बार झाला, पिस्तूल उसळले. पुन्हा ओढला. पुन्हा बार. तिसऱ्यांदा नुसताच 'टक्' असा आवाज आला. गोळी उडाली नाही. आणि तरीही पिस्तुलाचे टोक एखाद्याने वरून टपली मारावी तसे झपकन खाली गेले.

पद्मजा त्या टोकाकडे बघतच राहिली. "हे... हे कुणी केलं?"

"तू," आबा म्हणाले. "पोरी, गोळी उडते तेव्हा पिस्तूल उसळतं, आणि त्या धामधुमीत तुझा हात काय करतो ते कुणालाच दिसत नाही. गोळी गप्प राहिली की हात उघडा पडतो. आता अडकेल, आता फसेल, या धास्तीनं तू आधीच मनगट सोडतेस. डब्यातल्या गोळ्या कच्च्या आहेत, ते खरंच. स्पर्धेला मी तुला पेटीतल्याच देणार. पण कच्ची गोळी नि ढिला हात एकत्र आले, की अडकण्याला निमित्त मिळतं. अनघाचा हात ढळत नाही, म्हणून तिच्याकडे डबा कमी कुरकुरतो." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "तू मीठ सोडलंस, धास्ती नाही सोडलीस. देवीपुढेही तू अशीच उभी राहतेस. तिकडून आवाज येतो की नाही, या भीतीनं आधीच हात खाली."

पद्मजाने वाटी आबांपुढे सरकवली आणि मॅगझीन त्यांच्या हाती भरायला दिले.

निवड चाचणीच्या दिवशी आबांनी कनवटीची किल्ली काढून चांगली पेटी दिली. ती सुरळीत चालली. पण अखेरच्या फेरीत, नको तिथेच, चांगल्या पेटीतलीही एक गोळी न उडता गप्प राहिली. पद्मजाचे पिस्तूल लक्ष्यावर होते तिथेच राहिले. तिने शांतपणे डावा हात वर करून पंचांना खूण केली. मागे बसलेल्या आबांनी डोळे मिटून घेतले. नियमाप्रमाणे ती फेरी पुन्हा झाली, तीही तिने नीट पुरी केली.

संध्याकाळी नावे वाचली गेली. तिचे नाव त्यांत नव्हते. थोडक्यात हुकले होते.

घरी सासूबाईंनी ताट वाढले. त्यांना सारे कळले होते. मिठाचे सट ताटाजवळ सरकवत त्या म्हणाल्या, "बाई गं, देवीनं ऐकलं नाही. आता तरी खा दोन घास चवीचे."

पद्मजाने सट अलगद मागे सारले. "आत्ताच हात कशाला खाली घेऊ, आई? उद्या सकाळी सरावाला लवकर जायचंय. तेवढी आमटी अळणीच ठेवा."

पिस्तूल जमा करायची गोष्ट तिच्या मनातून केव्हाच निघून गेली होती.

वाचणाऱ्या माझ्या भगिनींनो आणि बंधूंनो, तुम्हीही कधी काही मागितले असेल आणि वरून आवाज आला नसेल. त्या क्षणी आपल्या हाताकडे एकदा बघा, आणि तो आहे तिथेच राहू द्या, एवढीच विनंती.