जिन्यातली बंदूक

पेंढारी शेजारच्या गावापर्यंत आले, तशी नरसोजीराव सरदारांना घराच्या राखणीसाठी बंदूक हवी झाली. शिकलगारीण अमीनाबीनं दोन हत्यारं समोर मांडली. एक पुरुषभर लांब बंदूक, दुसरी आखूड कराबीन.

"कराबीन घ्या, सरकार. घरात हीच कामाला येते. तुमच्या कमरेच्या पिस्तुलाचीच गोळी हिला चालते."

"हे खेळणं?" सरदार गरजले. "आमच्या इभ्रतीला लांब बंदूकच शोभते! तुझं खरं असेल तर आत्ता दाखव, नाहीतर उद्यापासून गावात तुझं दुकान नाही!"

अमीनाबीनं पदर खोचला. "मग मी पेंढारी. जिन्यानं माडीवर येते. अडवा मला!"

सारी गढी जिन्यापाशी लोटली. शत्रूला एकेकटंच वर यावं लागेल म्हणून सरदारांनी हा भिंतीतला जिना मुद्दाम अरुंद आणि वळणाचा बांधून घेतला होता. ते रिकामी बंदूक घेऊन वरून धावले, बाई खालून निघाली आणि ऐन वळणावर खट्! नळी एका भिंतीला अडली, दस्ता दुसरीला. बंदूक ना पुढे सरे, ना मागे. तेवढ्यात अमीनाबी नळीखालून वाकून आली आणि तिनं सरदारांच्या कमरेचं पिस्तूल अलगद काढून घेतलं!

सरदार लालबुंद झाले. "अगं, पण ही पाचशे पावलांवर मारते!"

"मग पेंढाऱ्यांना सांगावा धाडा, सरकार. म्हणावं, पाचशे पावलांवरच उभे राहा. घरात येऊ नका, आमची बंदूक वळत नाही!"

सरदारांनी कराबिनीसाठी हात पुढे केला.