पहिला निबंध

"हे ऐकूनही ते मला नाही म्हणतील, भंते?"

उत्पला वासनिकनं कागद खाली ठेवला. पवनीच्या बाहेर, वैनगंगेच्या काठावर एक लहानसं विहार आहे. तिथल्या पायरीवर भंते धम्मसार आपलं चीवर शिवत बसले होते. सुई तशीच हातात धरून त्यांनी सगळा निबंध ऐकला होता.

उत्पला ज्या कॉलेजात अर्ज करत होती, ते फार लांब होतं आणि फार थोड्यांना घेत होतं. नुसत्या मार्कांवर तिथं प्रवेश मिळत नसे. 'आयुष्यातल्या एका संकटाविषयी लिहा,' असं त्यांनी विचारलं होतं.

संकट तिच्याकडं होतं. आई लहानपणीच गेली. वडील, किसनराव, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. एका लग्नाच्या वरातीत वाजवता वाजवताच त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. उत्पला तेव्हा बारावीत होती. तिनं शाळा सोडली, त्यांचं सगळं केलं आणि पुढं घरीच अभ्यास करून बारावी काढली. मार्क असे पडले की पेपरात फोटो आला.

"नागपूरच्या क्लासच्या सरांनी तपासलाय," ती म्हणाली. "ते म्हणाले, दगडालाही पाझर फुटेल. शेवटचं वाक्य तर त्यांनी वर्गात वाचून दाखवलं."

"पुन्हा वाच ते वाक्य."

तिनं कागद उचलला. पण तिकडं न बघताच म्हणाली,

"'त्या दिवशी माझे वडील संपले. उरला तो एक देह, आणि त्या देहाची मी आई झाले.'"

…

"भंते?"

"ऐकलं."

मग भंतेंनी सहज विचारलं, "घरी काय चाललंय?"

"सगळं ठीक. आत्या राहायला आलीय. बाबांनी तुम्हाला वंदन सांगितलंय."

आशीर्वादासाठी भंतेंचा हात वर गेला. आणि अर्ध्यावर थांबला.

"कुणी सांगितलंय?"

"बाबांनी."

"कुठल्या?"

उत्पलाचा चेहरा लाल झाला. "भंते, लिहिताना तसं लिहावं लागतं. हजारो मुलं लिहितात. साधं लिहिलं तर कोण वाचणार? आणि मी खोटं कुठं लिहिलंय? तीन वर्षं काढलीत मी. कुणी आलं नव्हतं तेव्हा."

"खरं आहे."

"मग?"

"मग संपलेल्या माणसाचं वंदन मी कसं घेऊ?"

ती उठली. चप्पल घातली. जाताना वंदन करायचं राहिलं, ते फाटकापाशी तिच्या लक्षात आलं. ती मागं वळली नाही.

भंते मागून एवढंच म्हणाले, "त्यांना वाचून दाखव. त्यांना चाललं, तर पाठव."

घरी किसनराव खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. आत्या बाजारात गेली होती. उत्पलानं पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. शेवटच्या वाक्याशी आली तेव्हा ते वगळावं असं तिला वाटलं. पण ती वाचून गेली.

किसनरावांनी डाव्या हातानं तोंड पुसलं.

"चांगलं लिवलं," ते जड जिभेनं म्हणाले. "पाठवून दे."

"बाबा, ते शेवटचं… मी काढते ते."

"काहून? राहू दे." शब्द जुळवायला त्यांना वेळ लागत होता. "तुले फायदा होत असन, तर मेलो असं लिव. मले का फरक पडते."

हे ते रुसून बोलले नव्हते. बाजारात भाव करावा तितक्या साधेपणानं बोलले होते.

उत्पला मागल्या दारी गेली आणि मोरीच्या दगडावर बसून राहिली. तिला रडू आलं नाही. राग आला. सरांचा, कॉलेजचा, भंतेंचा. सगळ्यांचा येऊन गेला. मग उरला तो स्वतःचा.

तिनं निबंध नव्यानं लिहिला. त्यात देह नव्हता, आईही नव्हती. एक माणूस होता. तो खाटेवर पडल्या पडल्या तिचं पाठांतर ऐकायचा. फिजिक्समधलं त्याला काही कळत नसे. पण ती न समजता घोकू लागली की तो म्हणायचा, "इथं तुहा सूर हालला. पुन्हा म्हण." आणि बहुतेक वेळा ती खरोखरच तिथं अडलेली असायची. एकदा अंथरूण बदलताना ती त्याच्यावर ओरडली होती, "तुम्ही मेले असते तर सुटलो असतो दोघंही." तेही तिनं लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं तिला हाक मारून पुस्तक आणायला सांगितलं होतं. तेही.

हाही निबंध तिनं त्यांना वाचून दाखवला. सुराच्या जागेपाशी किसनराव हसले. ओरडण्याच्या जागेपाशी त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "म्हणली होतीस."

सरांना तो आवडला नाही. "यात तू कुठं जिंकलीस?" त्यांनी विचारलं. तिनं तो तसाच पाठवला.

उन्हाळ्यात उत्तर आलं. खेद वाटतो, असं त्यात होतं.

नागपूरच्या एका कॉलेजात तिला मार्कांवर प्रवेश मिळाला. चांगलं कॉलेज होतं. पण ते नव्हतं.

जाण्याआधी ती विहारात आली. या वेळी वंदन केलं. भंते पिंपळाखालचा पाला गोळा करत होते. ती बाजूला उभी राहिली. काही वेळानं तीही पाला उचलू लागली.

"नाही घेतलं त्यांनी," ती म्हणाली.

"कळलं मला."

"आमच्या क्लासमधल्या एका मुलीला घेतलं. तिचा निबंध सरांनी लिहून दिला होता."

भंते पाला गोळा करत राहिले.

"तुमच्यावर राग नाही माझा. बाबांना तो निबंध फार आवडला. आल्यागेल्याला वाचून दाखवायला लावतात." ती थांबली. "पण एक विचारू?"

"विचार."

"मी पहिला पाठवला असता, तर घेतलं असतं. हो ना?"

भंतेंनी हातातला पाला ढिगावर टाकला. तिच्याकडं पाहिलं.

"घेतलं असतं."

तिचे डोळे भरून आले. हे उत्तर तिला अपेक्षित नव्हतं.

"मग…"

…

"घेतलं असतं," भंते म्हणाले. "त्या निबंधातल्या पोरक्या मुलीला."